लालबागचा मसाला, परदेशीचा नैवेद्य

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की लालबागकडे येणाऱ्या साऱ्या वाटा माणसांनी फुलून जातात. चिंचपोकळीचा चिंतामणी, गणेश गल्लीचा गणपती आणि लालबागचा राजा यांच्या दर्शनासाठी भाविक रात्ररात्र रांगेत उभे राहतात आणि हा सारा परिसर दहा दिवस डोळ्याला डोळा लागू देत नाही. परंतु या गर्दीच्या पलीकडे, बाजाराच्या आतल्या अंगाला, आणखी एक लगबग चालू असते. तिच्याकडे दर्शनार्थींचे लक्ष सहसा जात नाही. मसाल्याच्या दुकानापुढे एखादी प्रौढ गृहिणी पिशवी सावरीत उभी असते आणि दुकानदाराला बजावीत असते, ‘परदेशी पाठवायचा आहे, नीट बांधा हो!’ त्यावर जाणता दुकानदार प्रथम एकच प्रश्न विचारतो, ‘कोणत्या देशी, आई?’

या प्रश्नाला व्यवहारी कारण आहे. ते पुढे येईलच. पण त्या पुड्यातून जे जाते ते केवळ मिरची आणि धणे नव्हेत. मुलीचे, सुनेचे, नातवंडांचे रोजचे जेवण त्यातून जाते. गणेशोत्सवाच्या निमित्ताने आपण मोदकांचे, करंज्यांचे आणि पंचखाद्याचे कौतुक करतो, आणि ते करावेच. तथापि ज्या घरात नित्याची चूल पेटती आहे तेथेच सणाचा नैवेद्य शोभतो, ही गोष्ट परदेशी गेलेल्या आपल्या माणसांना फार लवकर उमगते. आणि हे शहाणपण लालबागला तर फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

बाजाराच्या नवसाचा देव

लालबागच्या राजाची जन्मकथाच मुळी बाजाराशी, म्हणजे पर्यायाने लोकांच्या चुलीशी जोडलेली आहे. येथील पेरू चाळीजवळचा बाजार १९३२ साली बंद पडला आणि मासळी विकणाऱ्या कोळी भगिनी व लहानसहान व्यापारी उघड्यावर आले. आपल्या बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी श्रीगणेशाला नवस बोलला. पुढे जागा मिळाली, आणि १९३४ साली नवसाची फेड म्हणून येथे श्रींची स्थापना झाली. आज ज्या मूर्तीपुढे लक्षावधी मस्तके नमतात, तिच्या मुळाशी भाजीची पाटी आणि मासळीची टोपली घेऊन बसणाऱ्या कष्टकऱ्यांची प्रार्थना आहे. अन्न विकणाऱ्यांनी आणि अन्न शिजविणाऱ्यांनी मागून घेतलेला हा देव होय.

कोकणी माणसाचा पहिला परदेश

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, वरळी हा पट्टा ‘गिरणगाव’ म्हणून ओळखला जाऊ लागला. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर अशा भागांतून तरुण येथे आले. घरची मंडळी गावी, शेत गावी, देव गावी. आणि हा एकटा मुंबईत. कोकणातून बोटीने निघून भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या त्या तरुणाला मुंबई म्हणजे परमुलूखच होता. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत दहा-पंधरा जणांनी राहायचे, एका पाळीची माणसे कामावर गेली की दुसऱ्या पाळीच्यांनी त्याच जागी पथारी टाकायची, असा तो संसार होता.

अशा माणसाला सर्वांत अधिक कशाची आठवण येत असेल? पंचपक्वान्नांची नव्हे. कुळथाच्या पिठल्याची, उकड्या तांदळाच्या पेजेची, आमसुलाच्या सोलकढीची आणि घरच्या मसाल्याच्या आमटीची. त्याची ही भूक खाणावळवाल्या बायकांनी ओळखली. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत, स्टोव्हच्या आचेवर, वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक या माउल्या करीत. खाणावळीत जेवणारा बहुधा आपल्याच मुलखाचा असे. त्यामुळे मालवणच्या माणसाला मालवणी चव आणि घाटावरच्याला घाटी चव मिळे. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांसाठी पहाटे भाकऱ्या भाजायच्या आणि रात्रपाळीच्या माणसाचे ताट झाकून ठेवायचे, हे त्यांचे व्रत वर्षाचे बारा महिने चाले. याच कष्टकरी स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. अन्नपूर्णा हे नाव त्यांना किती शोभते, हे वेगळे सांगायला नको.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. गिरण्यांचे भोंगे थंडावले, कित्येक कुटुंबे गावी परतली. पण जी राहिली त्यांतील अनेकांच्या घरचा संसार पोळी-भाजीच्या डब्यांवर, पापड-मसाल्यांवर, म्हणजे बायकांच्या हातच्या चवीवरच सावरला. पुरुषाचा माग थांबला तेव्हा घरातले पोळपाट-लाटणे थांबले नाही.

घरापासून दूर राहूनही घरचे कसे जेवावे, ही विद्या लालबागने अशी दोन-तीन पिढ्या गिरविली. ज्या कामगाराने गावाहून आईच्या हातचा मसाला डब्यात भरून आणला, त्याचीच नात आज लालबागचा मसाला डब्यात भरून न्यू जर्सीला किंवा दुबईला नेते. वाट लांबली, डबा तोच आहे.

कांडपाचे दिवस

हा मसाला होतो तो उन्हाळ्यात. होळी पेटली की लालबागच्या बाजारात मिरचीची पोती उतरू लागतात. कर्नाटकातील ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी बेडगी मिरची सुरकुतलेली, गडद आणि रंगाला उत्तम. तिखटपणा मात्र बेताचा. संकेश्वरी तिखटाला. काश्मिरी केवळ लालीसाठी. तिन्हींचा मेळ कसा घालावा हे प्रत्येक घराण्याचे गुपित असते. सर्वसाधारणपणे किलोभर मिरचीला अर्धा किलो धणे धरतात. मग बडीशेप, दगडफूल, नागकेशर, चक्रीफूल, जायपत्री, मसाला वेलची, शहाजिरे, लवंग, दालचिनी, मिरे, खसखस आणि हळकुंड. हे जिन्नस ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने कमीअधिक होतात.

मिरचीची देठे काढून ती दोन-तीन उन्हे दाखवायची. प्रत्येक जिन्नस निरनिराळा, मंद आचेवर, थेंबभर तेलात भाजायचा; कारण धणे ज्या आचेवर खमंग होतात त्या आचेवर शहाजिरे करपतात. मग सारे डंखावर न्यायचे. लोखंडी मुसळांचा तो ठणठणाट चालू असताना गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस शिंकत जातो आणि कुणी रागावत नाही. चक्कीत दळलेला मसाला तापतो आणि त्याचा वास उडतो. कुटलेल्या मसाल्यात तो टिकतो, अशी जुन्या बायकांची खात्री आहे. घरी आणल्यावर बरणीच्या तळाशी हिंगाचे खडे ठेवून मसाला दाबून भरला की वर्षाची बेगमी झाली.

मालवणी, आगरी-कोळी, घाटी कांदा-लसूण आणि ब्राह्मणी गोडा असे चारही प्रकारचे मसाले एकाच बाजारात तयार होतात. एवढ्या भिन्न चुली येथे शेजारी शेजारी सुखाने नांदल्या, याचे मोल थोडे नाही.

आनंदीबाईंपासून आजपर्यंत

परदेशातील मराठी स्वयंपाकाची कथाही आता जुनी झाली. डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. शाकाहार सोडायचा नाही हा निश्चय त्यांनी त्या थंड मुलखातही पाळला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. ना तुरीची डाळ मिळण्याची सोय, ना ओळखीची भाजी, ना घरची भाकरी. अशा स्थितीत आपला आचार सांभाळणाऱ्या त्या एकाकी मुलीचे स्मरण आजच्या प्रत्येक परदेशस्थ गृहिणीने अवश्य करावे.

त्यानंतर काळ पालटला. लंडनमध्ये १९३२ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलल्यावर आपले डॉक्टर आणि इंजिनियर तिकडे मोठ्या संख्येने गेले. शिकागोचे मंडळ १९६९ चे, आणि उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. मॉरिशसमध्ये तर एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांनी गणेशचतुर्थी अशी जपली, की आज त्या देशात तो सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.

पाकपुस्तकांनीही मोठे काम केले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघाले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. सासर परदेशी असलेल्या कित्येक नववधूंच्या सामानात देवाच्या मूर्तीशेजारी ‘रुचिरा’ची प्रत असे. घरातली वडीलधारी बाई जवळ नसताना वाटी-चमच्याचे प्रमाण सांगणारे ते पुस्तकच त्यांची सासू आणि आई झाले.

आईच्या पत्रातला प्रश्न

प्रस्तुत लेखिकेचे माहेर लालबागच्या चाळीतले. संसाराची पहिली काही वर्षे मात्र लंडनला गेली, तीही १९७० च्या दशकात. निघताना आईने पत्र्याच्या डब्यात मसाला भरून दिला होता, वर फडके बांधून. त्या वेळी मनात आले, की तिकडे कसला मसाला लागणार! पण हिवाळा सुरू झाला, दुपारी चारलाच अंधारून येऊ लागले आणि पावाचे तुकडे घशाखाली उतरेनासे झाले. तेव्हा आठवण आली ती श्रीखंडाची नाही आणि पुरणपोळीचीही नाही. गरम भात, वर फोडणीचे वरण, बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड एवढेच डोळ्यांपुढे उभे राही. युस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय दुकाने होती. तेथून तुरीची डाळ आणली. विजेच्या शेगडीवर फोडणी चढली, त्यात आईचा मसाला पडला, आणि त्या परक्या खोलीला घराचा वास आला. खाली राहणाऱ्या म्हाताऱ्या घरमालकिणीने खिडक्या मात्र भराभर उघडल्या!

पहिल्या चतुर्थीला ओला नारळ कुठला मिळायला? डब्यातला सुका कीस दुधात भिजवून सारण केले. मिठाविना असलेले लोणी कढवून साजूक तूप केले. दूर्वा मागच्या अंगणातल्या गवतातून निवडून घेतल्या. वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि पाच मोदक, एवढा नैवेद्य झाला. मोठ्या अभिमानाने हे सारे आईला पत्राने कळविले. पंधरा दिवसांनी तिचे निळे हवाईपत्र आले. मोदकांविषयी तिने एक ओळ लिहिली होती आणि पुढे विचारले होते, ‘सणाचे कळले, समाधान वाटले. पण रोज काय रांधतेस ते लिही.’

तेव्हा त्या प्रश्नाचे थोडे हसू आले होते. त्याचा अर्थ समजायला पुढची काही वर्षे जावी लागली. सणाचा दिवस कसाही साजरा होतो. चार मैत्रिणी जमतात, उत्साह असतो. उरलेल्या तीनशे साठ दिवसांची चूल कोण सांभाळते, यावर घराचे घरपण ठरते. आईला तेच हवे होते.

गौरीची भाजीभाकरी

याची खूण आपल्या शास्त्राचारातच आहे. अनुराधा नक्षत्रावर गौरी घरी येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर त्या निरोप घेतात. पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, कोकणात घावन-घाटले, सोळा भाज्या, असा थाट असतो. परंतु ज्या संध्याकाळी ही माहेरवाशीण उंबरठा ओलांडून आत येते, त्या संध्याकाळी तिला काय वाढतात? अनेक घरांत भाजी आणि भाकरी. ऋतूतली साधी पालेभाजी आणि ताजी भाकरी, एवढाच तो नैवेद्य.

दूरचा प्रवास करून आलेल्या लेकीला पहिल्या दिवशी पक्वान्न नको असते, तिला घरचे हवे असते, हे आपल्या पूर्वजांनी किती अचूक ओळखले होते! आजही दोन-तीन वर्षांनी परदेशाहून आलेली मुलगी विमानतळावरून घरी पोहोचते आणि आईला म्हणते, ‘काही करू नकोस ग, पिठलं-भाकरी कर.’ तेव्हा ती नकळत गौरीचाच आचार पाळत असते.

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी यांतच आपली तृप्ती असल्याचे सांगितले आहे. अट एका भक्तीची. म्हणून परदेशातील भगिनींनी गोठविलेल्या नारळाचे, दुकानी पिठाचे मोदक केले तर मनाला रुखरुख लावून घेऊ नये. हळदीचे पान मिळाले नाही, आंबेमोहोर मिळाला नाही, म्हणून नैवेद्य उणा होत नाही. केवळ एक सांभाळावे: पूर्वेकडील देशांच्या दुकानांत चिकट तांदळाचे आणि साध्या तांदळाचे अशी दोन्ही पिठे शेजारी ठेवलेली असतात. मोदकाच्या उकडीला साधे पीठच घ्यावे.

पाठविणाऱ्यांनी एवढे पाहावे

आता दुकानदाराच्या त्या प्रश्नाकडे वळू. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस निषिद्ध आहे. ती अफूच्या बोंडातून निघते, म्हणून तेथील कायदा तिला अमली पदार्थांच्या जातीत धरतो आणि अजाणतेपणाची सबब चालत नाही. म्हणून त्या देशी जाणारा मसाला खसखशीवाचून कुटावा, आणि मोदकाच्या सारणातली, अनारशावरची, लाडवातली खसखसही टाळावी. अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेता येत नाही; त्यावरील किडीमुळे तेथील संत्र्या-लिंबांच्या बागांना रोगाचे भय असते. ऑस्ट्रेलियात उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ अर्जावर खरा लिहून द्यावा लागतो. लपविल्यास जबर दंड होतो. देवाच्या नैवेद्याचे सामान असत्याच्या वाटेने नेऊ नये, हे काय सांगायला हवे?

मसाला कोरडा, गार झालेला आणि दुहेरी बंद पिशवीत असावा. त्यावर आतील जिन्नसांची यादी स्वच्छ अक्षरात चिकटवावी. ही यादी तपासनीसाच्या उपयोगी पडतेच. शिवाय तिचा आणखी एक उपयोग आहे, आणि तोच या लेखाचा खरा हेतू आहे.

हातातले प्रमाण

लालबागच्या चाळी आता झपाट्याने जात आहेत. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. ज्या गच्चीवर मिरच्या वाळत त्या गच्च्या उरल्या नाहीत. मिरचीचा रंग पाहून ‘ही जुनी आहे, परत घे’ असे सांगणाऱ्या आजीबाई थकल्या आहेत, आणि त्यांचे प्रमाण कुठे लिहिलेले नाही. ते त्यांच्या हातात आहे, डोळ्यांत आहे. ‘धणे किती घालायचे?’ म्हणून विचारले तर त्या ओंजळ करून दाखवितात. परदेशी असलेल्या नातीला दूरध्वनीच्या पडद्यावर ती ओंजळ दिसते खरी, पण तिचे वजन कसे कळणार?

तयार मसाल्यांची पाकिटे आज जगाच्या कोपऱ्यात मिळतात आणि त्यांनी मोठीच सोय केली आहे. तथापि पाकिटातली चव सर्वांची असते. घराण्याची चव एका घराची असते. ती एकदा गेली की कोणत्याही बाजारात मिळत नाही.

म्हणून या उत्सवात प्रत्येक घराने एक काम करावे, अशी विनंती आहे. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की घरातल्या ज्येष्ठ बाईला निवांत बसवावे. तिची ओंजळ तराजूत तोलावी आणि मसाल्याचे, भाजणीचे, मेतकुटाचे प्रमाण वहीत लिहून घ्यावे. सणाच्या पदार्थांआधी रोजच्या आमटीची कृती लिहावी. ही वही मुलीला जशी द्यावी तशी मुलालाही द्यावी. कारण गिरणगावातल्या एकट्या पुरुषाला खाणावळवाली मिळाली, परदेशातल्या मुलाला ती मिळेलच असे नाही. आणि परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना वर्षातून एकदा मोदक वळायला बसविण्याबरोबरच आठवड्यातून एकदा वरणाला फोडणी द्यायलाही शिकवावे. मराठी बोलणे अडखळले तरी जिभेची ही ओळख पुसली जात नाही.

गौरी-गणपती आपापल्या घरी परत जातात तेव्हा आपण त्यांना दहीभाताची शिदोरी बांधून देतो. आपल्या मुलाबाळांनाही ते जातील त्या मुलखात पुरेल अशी शिदोरी आपल्या हातून बांधली जावो, आणि जेथे जेथे मराठी घर आहे तेथे तेथे नित्याची चूल व देवापुढचा दिवा अखंड तेवत राहो, हीच श्रीगजाननाच्या चरणी प्रार्थना.